सफरनामा : कार्ताहेनाच्या तटाआत एक दिवस

परदेशच्या सफरीबद्दल लिहिलं की वाचकांचे दोन प्रश्न हमखास येतात. खाण्याचं काय केलंत? आणि नमाजचं काय केलंत? या खेपेला दोन्हींची उत्तरं देणार आहोत, पण शेवटी. कारण ही सफर संपता संपता आमच्या बारा वर्षांच्या नातीनं एक तिसराच प्रश्न विचारला. त्याचं नीट उत्तर आम्हाला देता आलं नाही, आणि घरी परतल्यावरही तो डोक्यातून जात नाही.

आमचा मुलगा कामानिमित्त अमेरिकेत, फ्लोरिडात असतो. नातीच्या शाळेला सुट्टी लागली तेव्हा तो म्हणाला, "अब्बा, विमानानं तीन तासांवर एक शहर आहे. तुम्हाला किल्ले आवडतात, अम्मीला समुद्र आवडतो. दोन्ही आहे तिथे." अशा रीतीनं आम्ही आजी-आजोबा, मुलगा, सून आणि नात असे पाचजण कोलंबिया देशाच्या उत्तर किनाऱ्यावर, कॅरिबियन समुद्राकाठच्या कार्ताहेना शहरात पोहोचलो. रोमन लिपीतलं नाव वाचून आम्ही घरी 'कार्टाजेना' म्हणत होतो. तिथे गेल्यावर कळलं की स्पॅनिशमध्ये तो 'ज' नाही, 'ह' आहे. हे नावही पार लांबून आलेलं आहे. स्पेनमध्ये एक कार्ताहेना आहे, आणि तिला नाव मिळालं आजच्या ट्युनिसजवळच्या प्राचीन कार्थेजवरून. म्हणजे उत्तर आफ्रिकेचं नाव स्पेनमार्गे अमेरिका खंडात येऊन बसलेलं.

शहर पाहायला एकच दिवस हातात होता. मोठ्या बसमधून पन्नास माणसांबरोबर फिरायचं म्हणजे प्रत्येक ठिकाणी दहा मिनिटं, आणि दादींचे गुडघे त्या वेगाला साथ देणारे नाहीत. म्हणून मुलानं फक्त आमच्यापुरती गाडी आणि गाईड ठरवली. गाईड म्हणून आल्या त्या चाळिशीच्या एक बाई, काळ्या वर्णाच्या, डोक्यावर घट्ट वेण्या, इंग्रजी स्वच्छ. त्यांनी आधी दादींना गाडीत नीट बसवलं, पाण्याची बाटली दिली आणि विचारलं, "काय काय पाहायचंय?" मुलगा म्हणाला, "सगळे पाहतात तेच." त्या म्हणाल्या, "ते तर दाखवतेच. पण दोन ठिकाणी मी थोडा जास्त वेळ थांबेन. चालेल ना?" आम्ही हो म्हणालो.

सकाळी आठलाच सान फेलिपे किल्ल्यावर गेलो, कारण दहानंतर तिथल्या उतारावर उन्हानं उभं राहवत नाही. हा किल्ला शहराबाहेरच्या टेकडीवर आहे. सतराव्या शतकाच्या मध्यावर बांधलेला आणि १७६२ च्या सुमारास खूप वाढवलेला. कोकणातले किल्ले पाहिलेल्या माणसाला त्याचा आकार आधी विचित्र वाटतो. उंच बुरूज नाहीत, तिरप्या भिंतींचे थरावर थर आहेत, म्हणजे तोफेचा गोळा लागला तरी घसरून जावा. पोटात बोगदे आहेत. एका टोकाला कुणी हळू चाललं तरी दुसऱ्या टोकाला पावलं ऐकू येतात. नात पुढे पळाली आणि अंधारातून "दादी!" म्हणाली, तर आवाज अगदी कानाशी आला.

या किल्ल्याची मोठी गोष्ट १७४१ सालची. इंग्रजांचा सेनापती व्हर्नन प्रचंड आरमार घेऊन आला. स्पेनच्या बाजूनं होता ब्लास दे लेसो. जुन्या लढायांत त्याचा एक पाय गेलेला, एक डोळा गेलेला आणि एक हात निकामी झालेला. इंग्रजांना विजयाची इतकी खात्री होती की लंडनमध्ये विजयाची पदकंसुद्धा पाडून झाली. पण तापाच्या साथीनं आणि या किल्ल्यानं त्यांना परत पाठवलं. नातीला ती पदकांची गोष्ट फार आवडली. सगळं सांगून झाल्यावर गाईडबाई भिंतीवर हात ठेवून म्हणाल्या, "आणि हे दगड ज्यांनी वाहिले त्यांची पदकं कुणी पाडली नाहीत. त्यांतले बरेचजण गुलाम होते." एवढंच बोलून त्या पुढे चालू लागल्या.

तिथून जुन्या शहरात आलो. हे शहर पेद्रो दे एरेदिया या स्पॅनिश सरदारानं १५३३ मध्ये वसवलं. दक्षिण अमेरिकेतलं सोनं-चांदी इथे गोळा होऊन जहाजांनी स्पेनला जाई, म्हणून समुद्री लुटारूंचा डोळा कायम इथे. १५८६ मध्ये फ्रान्सिस ड्रेकनं शहर ताब्यात घेऊन मोठी खंडणी वसूल केली. त्यानंतर स्पेनच्या राजानं तटबंदीचं काम हाती घेतलं आणि ते दोनशे वर्षं चाललं. तट सुमारे अकरा किलोमीटरचा. १९८४ पासून हे शहर युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे.

घड्याळाच्या मनोऱ्याखालून आत शिरलं की एक तिकोनी चौक लागतो. पिवळ्या-तांबूस रंगाची घरं, लाकडी सज्जे, त्यांवरून खाली लोंबणारी बोगनवेल. एका बाजूच्या कमानींखाली मिठाईवाल्यांची रांग आहे. काचेच्या बरण्यांत दूध-साखरेच्या, चिंचेच्या, खोबऱ्याच्या मिठाया. खोबऱ्याची 'कोकादा' म्हणजे थेट आपली खोबऱ्याची वडी, फक्त किसाचे धागे जरा लांब. नातीनं दोन घेतल्या. आम्ही फोटो काढत होतो, तेवढ्यात गाईडबाईंनी सांगितलं, "इथे मी थांबणार म्हणाले होते, ते हे पहिलं ठिकाण."

याच चौकात माणसांचा बाजार भरत असे. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून जहाजं येत. स्पेनच्या अमेरिकेतल्या वसाहतींत गुलाम उतरवण्याची परवानगी मोजक्याच बंदरांना होती, त्यांत कार्ताहेना मुख्य. इथे एक लाखाहून जास्त माणसं उतरवली गेली. महिनोन्‌महिने जहाजाच्या तळाशी साखळदंडात आलेली माणसं आधी खाऊ-पिऊ घालून जरा बरी दिसतील अशी करायची, मग इथे उभी करायची. दात पाहायचे, दंड दाबायचे, किंमत ठरवायची. कुणी खाणीत जाई, कुणी शेतावर, कुणी कोणाच्या स्वयंपाकघरात. आई एकीकडे, मूल दुसरीकडे.

नातीनं हातातली दुसरी वडी कागदात परत गुंडाळली. ती संध्याकाळपर्यंत तशीच होती.

पुढचा थांबा सान पेद्रो क्लाव्हेरचं चर्च. हा जेझुइट पाद्री १६१० मध्ये इथे आला आणि १६५४ मध्ये इथेच वारला. गुलामांचं जहाज आलं की तो फळं, पाणी, औषधं घेऊन बंदरावर जाई, जखमा धुई. स्वतःला तो गुलामांचा कायमचा गुलाम म्हणवून घेई. त्याच्या अस्थी वेदीखाली काचेच्या पेटीत ठेवल्या आहेत. गाईडबाईंना त्याच्याबद्दल आदर आहे हे त्यांच्या बोलण्यात दिसत होतं. पण त्यांनी आणखीही एक सांगितलं. क्लाव्हेरला आफ्रिकी भाषा येत नव्हत्या. जहाजावरच्या माणसांशी तो दुभाष्यांमार्फत बोले, आणि ते दुभाषे स्वतः त्याच्या संस्थेनं विकत घेतलेले गुलाम होते. भल्या माणसाच्या हातूनही काय सुटतं, ते पाहा.

त्याच संस्थेतला त्याचा गुरू आलोन्सो दे सांदोवाल यानं या गुलामांबद्दल एक मोठा ग्रंथ लिहिला, तो १६२७ मध्ये छापला गेला. कोण कुठल्या मुलखाचा, कोणती भाषा बोलतो, कशावर श्रद्धा ठेवतो, याच्या नोंदी त्यात आहेत. वोलोफ आणि मांदिंगा लोकांत महंमद पैगंबरांना मानणारे आहेत, हेही त्यानं नोंदवलं आहे, अर्थात त्याला ते खटकत होतं. म्हणजे या बंदरात उतरलेल्यांत आपले दीनभाऊही होते. लहानपणी गावच्या मदरशात लाकडी पाटीवर कुरआन शिकलेले काहीजण त्यांत असतील. इथे उतरल्यावर त्यांना नवी नावं मिळाली आणि बाप्तिस्मा मिळाला. नमाज पढणं गुन्हा ठरला. त्यांच्या कबरी कुठे आहेत कुणाला ठाऊक नाही. आम्ही चर्चच्या अंगणातल्या झाडाखाली बसलो आणि मनातल्या मनात त्यांच्यासाठी दुआ मागितली.

गुन्हा कसा ठरायचा ते बोलिव्हार चौकातल्या इन्क्विझिशनच्या वाड्यात कळतं. धर्माची चौकशी करणारं हे न्यायालय १६१० मध्ये इथे स्थापन झालं. आता तिथे संग्रहालय आहे. रस्त्याकडच्या भिंतीत एक लहानशी खिडकी दाखवतात. तिथे येऊन कुणीही कुणाबद्दल चुगली करावी. शेजारीण रात्री मंत्र पुटपुटते, अमुक माणूस छुपा यहुदी आहे, तमुक डुकराचं मांस टाळतो. एवढ्यावर माणूस आत जाई.

गंमत अशी की ज्या स्पेननं १४९२ मध्ये ग्रॅनडा घेतलं आणि १६०९ ते १६१४ या काळात उरल्यासुरल्या मोरिस्कोंनाही, म्हणजे बाप्तिस्मा दिलेल्या मुसलमानांच्या वंशजांनाही, देशाबाहेर काढलं, त्याच स्पेनबरोबर अंदलुसची घरं इथवर आली. मधोमध चौक, चारी बाजूंना खोल्या, जाळीचे सज्जे. चौकात पावसाचं पाणी साठवायची टाकी असते, तिला इथे 'अल्हिबे' म्हणतात. हा शब्द अरबीतल्या 'अल-जुब्ब'वरून आला. साखरेला 'असूकार', तेलाला 'असेइते', उशीला 'अल्मोआदा'. "असं होवो" म्हणायचं तर 'ओहाला', आणि त्याच्या मुळाशी अल्लाहच्या मर्जीचाच उल्लेख आहे. माणसं हाकलली तरी त्यांचे शब्द लोकांच्या तोंडी राहून गेले.

दुपारी तटाबाहेरच्या हेत्सेमानी वस्तीत जेवलो. ही कारागिरांची, मोकळ्या झालेल्या काळ्या माणसांची जुनी वस्ती. ११ नोव्हेंबर १८११ रोजी शहरानं स्पेनपासून स्वातंत्र्य जाहीर केलं. त्या दिवशी सरदारांवर दबाव आणायला रस्त्यावर उतरलेल्यांत पुढे होता पेद्रो रोमेरो हा मिश्रवंशीय कारागीर. चौकात त्याचा पुतळा आहे. पण स्वातंत्र्य आलं म्हणून गुलामी गेली नाही. तिच्या बंदीचा कायदा १८५१ मध्ये झाला आणि १ जानेवारी १८५२ पासून लागू झाला. स्वातंत्र्य जाहीर झाल्यावरही चाळीस वर्षं इथली काही माणसं गुलाम होती.

जेवणानंतर गाईडबाई म्हणाल्या, "आता दुसरं ठिकाण." आम्हाला वाटलं, आणखी एखादं स्मारक असेल. त्या आम्हाला एका कोपऱ्यावर घेऊन गेल्या. तिथे डोक्यावर फळांचं घमेलं ठेवून, पिवळा-निळा-लाल झगा घातलेली एक वयस्कर बाई उभी होती. अशा बायकांना इथे पालेंकेरा म्हणतात. शहराच्या प्रत्येक चित्रात, प्रत्येक फ्रिजच्या चुंबकावर त्या असतात. मुलानं सवयीनं मोबाईल वर केला. गाईडबाई हलकेच म्हणाल्या, "आधी सलाम करा. ही माझी मावशी." मुलगा ओशाळला. दादींनी पुढे होऊन हात हातात घेतला. भाषा येत नव्हती, पण दोघींनी एकमेकींच्या गुडघ्यांकडे बोट दाखवलं आणि हसल्या. मग पपई, अननस आणि आंबा कापून घेतला, पैसे दिले, आणि मावशींना विचारून फोटो काढला.

मावशींचं गाव सान बासिलियो दे पालेंके, इथून सुमारे पन्नास किलोमीटरवर. 'पालेंके' म्हणजे पळालेल्या गुलामांनी लाकडी कुंपण घालून वसवलेली वस्ती. सोळाव्या शतकाच्या शेवटी बेंकोस बिओहो नावाचा आफ्रिकी माणूस बायकामाणसांसह इथून पळाला, दलदलीत लपला, लढला. सरकारला त्याच्याशी तह करावा लागला. पुढे तह मोडून त्याला पकडलं आणि १६२१ मध्ये फाशी दिली. पण पळणारे थांबले नाहीत. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला स्पेनला पालेंकेच्या लोकांचं स्वातंत्र्य मान्य करावं लागलं. तिथे आजही स्पॅनिश आणि आफ्रिकी भाषांच्या मेळातून झालेली स्वतःची भाषा बोलतात. २००५ मध्ये युनेस्कोनं त्या गावच्या संस्कृतीला मानवजातीचा वारसा म्हटलं. पळायच्या वाटा बायका वेण्यांच्या नक्षीत गुंफून ठेवत, असं तिथे सांगतात. गाईडबाईंनी आपल्या वेण्यांवरून बोट फिरवून ती नक्षी नातीला दाखवली.

सूर्य कलल्यावर आम्ही तटावर जाऊन बसलो. वारा छान होता. नात बराच वेळ गप्प होती. गेल्या वर्षी ती गावी आली होती तेव्हा राजपुरीहून शिडाच्या होडीनं तिला जंजिऱ्यावर नेलं होतं. एकदम म्हणाली, "दादी, जंजिऱ्याचे सिद्दीपण आफ्रिकेतून आले होते ना? त्यांना कुणी आणलं?"

दादांनी मोठ्या उत्साहानं सांगायला सुरुवात केली. आपल्याकडे कसे हबशी सरदार झाले. मलिक अंबर इथिओपियाचा पोरगा, विकला गेला, पण अहमदनगरच्या निजामशाहीचा वजीर झाला, मुघलांना वर्षानुवर्षं झुंजवलं, खडकी शहर वसवलं, तिथे नहर आणली, १६२६ मध्ये वारला, खुलताबादला त्याची कबर आहे. बिओहो आणि मलिक अंबर एकाच काळातले. एकाला फाशी झाली, एकाच्या हाती राज्य आलं.

नातीनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "पण दादा, त्याला विकलं कुणी?"

आम्ही दोघं एकमेकांकडे पाहत राहिलो. उत्तर माहीत होतं. मोखा आणि बगदादच्या बाजारांतून तो हातोहात विकला गेला, आणि विकणारे-घेणारे आपल्यासारखेच कलमा पढणारे होते. गुलामाला आझाद करणं मोठं पुण्य, हे आपण लेकरांना शिकवतो. हजरत बिलाल यांची गोष्ट अभिमानानं सांगतो. आणि तरीही शेकडो वर्षं आपल्या व्यापाऱ्यांनी आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून माणसं आणून विकली. त्यांतला एक वजीर झाला म्हणून बाकीच्यांचं दुःख कमी होत नाही. सकाळपासून आम्ही स्पेनच्या राजाला आणि पाद्र्यांना नावं ठेवत होतो. त्यांचा दोष होताच. पण तिच्या प्रश्नानं मोजमापाची तीच पट्टी आमच्यापुढे धरली.

दादी म्हणाल्या, "बेटा, आपल्याच लोकांनी विकलं." दादांनी आणखी काही जोडलं नाही. नात म्हणाली, "त्याच्या आईचं नाव काय होतं?" तेही सांगता आलं नाही.

गाईडबाईंना मुलानं हे सगळं इंग्रजीत सांगितलं. त्या मान हलवून म्हणाल्या, "तुमच्याकडेही समुद्रात असा किल्ला आहे? मग तिथे कोण गोष्ट सांगतं?" आम्हाला आठवलं, होडीवाला तोफांची गोष्ट सांगतो, गोड्या पाण्याच्या तलावांची सांगतो, किल्ला कधी पडला नाही ते सांगतो. आम्हीही नातीला तेवढंच सांगितलं होतं. पुढच्या सुट्टीत तिला पुन्हा नेणार आहोत, आणि खुलताबादलाही. या वेळी गोष्ट सुरुवातीपासून सांगू, इन्शाअल्लाह.

आता कबूल केलेल्या दोन प्रश्नांची उत्तरं.

खाणं : हलाल मांस मिळेल या भरवशावर राहू नका. आम्ही मासळीवर राहिलो आणि मजेत राहिलो. नारळाच्या दुधातला भात, तळलेला अख्खा मासा, कच्च्या केळ्याचे दाबून दोनदा तळलेले 'पाताकोन', नारळाचं गारेगार सरबत. कोकणी माणसाला परकं वाटणार नाही. मात्र तळण डुकराच्या चरबीत असू शकतं. म्हणून दोन वाक्यं पाठ करा : 'सिन सेर्दो', डुकराचं नको, आणि 'सिन लिकोर', दारू नको. दुकानांत 'किब्बे' दिसेल, ते अरबांचंच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून सीरिया-लेबनॉनचे लोक या किनाऱ्यावर आले. तुर्की राज्याची कागदपत्रं होती म्हणून त्यांना 'तुर्को' म्हणत. बहुतेक ख्रिस्ती होते, पुढे मुसलमानही आले. व्हेनेझुएलाच्या सीमेजवळच्या माइकाओ गावात त्यांनी बांधलेली हजरत उमर यांच्या नावाची मोठी मशीद १९९७ पासून आहे. किब्बेत मांस असतं, तेव्हा विचारूनच घ्या.

नमाज : आम्ही मुसाफिर होतो, म्हणून कस्र केली आणि जुहर-असर एकत्र पढली. गाईडबाईंनी जेवणाच्या जागी आतल्या चौकातला सावलीचा कोपरा मागून दिला. एक सांगून ठेवतो. आयुष्यभर आपला किबला पश्चिमेला. तिथे तो पूर्वेला, ईशान्येकडे झुकलेला. मोबाईलवर पाहूनही पहिल्या दिवशी पाय आपोआप पश्चिमेकडे वळत होते.

आणखी दोन-तीन गोष्टी. पावसाचा त्रास नको तर डिसेंबर ते एप्रिल बरा, पण ऊन-दमट बारा महिने. घड्याळ आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे. व्हिसाचे नियम बदलत असतात, तिकिटाआधी तपासा. सुटे पेसो जवळ ठेवा. आणि गाईड ठरवताना ती व्यक्ती कुठल्या वस्तीतली, हे जरूर विचारा. तटबंदीची लांबी कुणीही सांगेल, पण मावशीची भेट त्या बाईंमुळेच झाली.

निघताना नातीनं कागदातली ती वडी काढली आणि गाईडबाईंना अर्धी दिली. मग दोघींनी तटावर बसून खाल्ली.